शेवंताच्या घरचे निरोप

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे “आपल्या शिक्षकी सेवेचा आढावा” मागितला आहे. आढावा म्हटलं की मी पेनाला टोपण लावतो. कोणत्या गावाला बदली झाली, पगार कधी वाढला, कोणत्या साहेबानं पाठ थोपटली, हे वाचून कोणाचं भलं झालंय? मी आपला अवतरणचिन्हांबद्दल लिहिणार आहे. नाक मुरडू नका. माझी सून म्हणते, “बाबा, फराळासोबत व्याकरण कोण वाढतं?” मी वाढतो. ज्याला नको त्यानं पान उलटावं, पुढे राशिभविष्य असेलच.

खोड जात नाही हो. आजही मी वर्तमानपत्र लाल पेन घेऊन वाचतो. एखादा बातमीदार पुढाऱ्याच्या तोंडची वाक्यं सुरू करतो, चिन्ह उघडतो, आणि मग बंद करायलाच विसरतो. पुढारी कुठे थांबला आणि हा गृहस्थ कुठून बोलायला लागला, काही पत्ता लागत नाही. मी चिन्ह घालून टाकतो आणि मग पुढची बातमी वाचतो. घरचे म्हणतात, पेपर रद्दीत जायच्या आधी तपासून जातो.

तर मी मूळचा पुसदचा. साठ साल उजाडायला अजून अवकाश होता तेव्हा माझी बदली बोरी अरबपासून दोन कोसांवरच्या एका गावी झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून आहेत आणि त्यांची नातवंडं वाचायला शिकलेली आहेत. शाळा दोन मास्तरांची. पहिली-दुसरी हेडगुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. आमच्या घरानं छप्पन सालीच धम्म घेतलेला. माझ्या हातचं पाणी न घेणारी दोन-चार घरं त्या गावात होती, पण पोस्टकार्ड लिहून घ्यायला तीच माणसं सगळ्यांच्या आधी यायची. माझी शाई त्यांना चालत होती. मीही लिहून द्यायचो.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो. चौथीतल्या पोराला गोष्ट लिहायला सांगितली की ते एका दमात लिहून मोकळं होतं. राजा म्हणाला प्रधानजी चला शिकारीला प्रधान म्हणाला महाराज आज पोट दुखते राणी हसली. यात कोण बोललं, कुठवर बोललं, पोट कोणाचं दुखतंय, हे वाचणाऱ्यानं आपलं आपण बघायचं. पुस्तकातली व्याख्या पोरं घडाघड म्हणायची, “वक्त्याचे शब्द जसेच्या तसे दाखविण्यासाठी दुहेरी अवतरणचिन्ह वापरतात.” म्हणून झाली की वहीत पुन्हा तेच.

मग मी एक दिवस विचारलं, “तुमची माय चुलीवरचं तापलेलं भांडं कशानं उतरवते?”

“सांडशीनं, गुरुजी.”

“एकाच बाजूनं धरलं तर?”

“सांडते.”

“बस. बोलणं म्हणजे तापलेलं भांडं. दोन्ही बाजूंनी धरायचं, आतलं जसंच्या तसं उचलायचं आणि वहीत आणून ठेवायचं. वाटेत एक थेंब सांडायचा नाही आणि आपल्या पदरचं काही टाकायचं नाही.”

पोरांना पटलं. गावालाही पटलं असावं, कारण तेव्हापासून मला सगळे सांडशी मास्तर म्हणू लागले.

स्वल्पविरामाचं काम सरकीनं केलं. शाळेच्या फरशीवर मी खडूनं लांबच लांब वाक्य लिहायचो आणि ‘म्हणाला’नंतर जिथे दम घ्यायचा तिथे पोरांनी एकेक सरकी ठेवायची. सरकीला कापसाचा पुंजका चिकटलेला राहिला तर ती हुबेहूब स्वल्पविराम दिसते. बघा कधी. आमचा तास एकदा रंगात आला असताना कोणाची तरी शेळी आत शिरली आणि सगळे स्वल्पविराम खाऊन गेली. हेडगुरुजी दारात उभे राहून म्हणाले, “तपासणीला कोण आलं होतं?”

रोजचा गृहपाठ मात्र माझा स्वतःचा होता. घरी कोणीही बोललेली पाच वाक्यं, जशी ऐकली तशी लिहून आणायची. ‘आई म्हणाली’ हे पुस्तकी भाषेत, पण चिन्हाच्या आत गेलं की घरची बोली. काहून, कायले आणि बायकांच्या ‘मी म्हनतो’ला तिथे पूर्ण मुभा. हेडगुरुजींना ते अशुद्ध वाटायचं. मी त्यांना म्हणायचो, आजीच्या तोंडी पुण्याची भाषा घातली तर ती आजी कोणाची?

या गृहपाठानं गावात चांगलीच धांदल उडवली. पाटलांच्या नातवानं लिहून आणलं: आजी म्हणाली, “त्या मास्तरचं डोस्कं फिरलं काय?” चिन्हं बिनचूक होती, मी पैकीच्या पैकी गुण दिले. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई स्वतः शाळेत हजर.

“मास्तर, ते वाक्य खोडा.”

“कसं खोडू, काकू? तुम्ही म्हणालात ना?”

“म्हंतलं. म्हनून काय लिहून ठेवता? दुसरं एखांदं चांगलं बोलून दाखवतो मी पोट्ट्यासमोर, ते घ्या.”

पुढे पुढे तर दप्तरवालं पोर दिसलं की बायका एकमेकींना खुणावायच्या, “बोलू नोको, वहीत जाईन.” एक म्हातारा आपल्या नातीसमोर मुद्दाम माझी तारीफ करायचा आणि मग विचारायचा, “लिवलं काय?”

या सगळ्या वह्यांत शेवंताची वही मला कंटाळवाणी वाटायची. खोटं कशाला बोलू? शेवंता चौथीत होती, अकराएक वर्षांची, हाडकुळी. कोणी बोलू लागलं की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची, शब्द निसटेल अशी भीती असल्यासारखी. अक्षर मोत्यासारखं, चिन्हं जिथल्या तिथे. पण वाक्यं सगळी एकाच साच्यातली.

आई म्हणाली, “सांग तुह्या बाबाले, भाकर झाली.”

बाबा म्हणाले, “सांग तुह्या मायले, भूक नाई.”

आई म्हणाली, “सांग तुह्या बाबाले, दोर तुटला.”

मला वाटलं, पोरगी आळशी आहे. मी शेरा मारला, “वाक्यांत विविधता आणावी.”

एक दिवस ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “गुरुजी, जे म्हंतलं ते लिहू, का जे सांगतलं ते लिहू?”

मी वह्या तपासण्याच्या घाईत होतो. म्हणालो, “दोन्ही एकच असतं की. म्हटलं तेच लिही.”

ती वही घेऊन जागेवर गेली. पण दुसऱ्या दिवशीच्या वहीत पिठल्यावरून, म्हणजे आमच्याकडच्या चुनावरून, असं होतं. बाबा म्हणाले, “सांग तुह्या मायले, चुनात मीठच नाई, बैल तरी खाईन काय?” आणि त्याखाली: मी आईला सांगितलं, “चून चांगलं झालं म्हनते बाबा, उलीसंक मीठ दे.” मी लाल शाईनं लिहिलं, “दोन्ही वाक्ये जुळत नाहीत. नीट बघून उतरवावे.” गुण कापले. माझ्या शहाणपणाचा हा पुरावा त्या वहीत आजही असेल.

माघाचा महिना संपला आणि शेवंता शाळेत कमी दिसू लागली. आठवड्यातून तीन दिवस, मग दोन. चौथीची परीक्षा तोंडावर आलेली. तेव्हा ती केंद्रावर जाऊन द्यावी लागे, आमचं केंद्र बोरी अरब, दोन दिवसांचा मुक्काम. चौथीचा दाखला नाही तर पाचवी नाही आणि पोरीची जात, एकदा घरी बसली की बसली. मी वर्गात विचारलं, “शेवंता का येत नाही?” पोरं सहज बोलून गेली, जणू मला सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं.

“तिच्या घरी अबोला हाये, गुरुजी. ते नसली त घरात बोलन कोन?”

शेवंताचे वडील किसनभाऊ विहिरींचं दगडकाम करायचे, आई पारबताबाई शेतात मजुरीला जायची. सव्वा वर्ष झालं, नवरा-बायको एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. आमच्याकडे अबोला ही काही नवलाची गोष्ट नाही, सासवा-सुनांचे, भावाभावांचे अबोले वर्षानुवर्षं चालतात आणि मधलं लेकरू निरोप नेतं. ते लेकरू म्हणजे शेवंता. ओट्यावरून चुलीपर्यंत आठ पावलं, तेवढ्यात दिवसभर तिच्या खेपा. किसनभाऊंचं काम गावातच निघालं, ते दुपारी जेवायला घरी येऊ लागले, म्हणून दुपारच्याही खेपा वाढल्या आणि शाळा सुटली.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. किसनभाऊ ओट्यावर छन्नीला धार लावत होते, पारबताबाई आत चुलीजवळ. शेवंता मधे उंबऱ्यावर.

“पोरीला परीक्षेला पाठवा, किसनभाऊ. पहिली येईल केंद्रात.”

“हुशार हाये, मले मालूम हाये. पन दोन दिवस म्हनता. इथं कसं व्हायचं?”

आतून पारबताबाईंचा आवाज आला, “शेवंता, सांग मास्तरले, मीबी तेच म्हनतो.”

दोघांचं एकमत झालेलं मी त्या घरात पाहिलं ते एवढ्या एकाच गोष्टीवर. मी म्हणालो, “दोन दिवस निरोपांशिवाय राहा.”

किसनभाऊ म्हणाले, “राहून पाह्यलं. शेळीले सांगून पाह्यलं. ते उत्तर घेऊन येत नाई.”

तो माणूस हे अगदी गंभीरपणे म्हणाला. मला हसू आलं, ते मी दाबलं, कारण उंबऱ्यावरची पोर हसत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग माझ्या तोंडून निघून गेलं, “दोन दिवस निरोप मी पोचवतो.”

मास्तर घरात निरोप्या म्हणून राबणार, याला दोघंही नाही म्हणू शकले नाहीत. शेवंता मात्र मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, “गुरुजी, जरासं पाहून सांगजा.” मी तिला म्हणालो, “मला शिकवू नकोस.”

परीक्षेला पोरांना नेण्याचा मान हेडगुरुजींचा. बोरी अरब ही त्यांची सासुरवाडी, त्यामुळे तो मान ते दुसऱ्या कोणाला देत नसत. पोरांची बैलबंडी निघाली आणि मी कामाला लागलो. सकाळी शाळेआधी एक फेरी, दुपारच्या सुट्टीत एक, संध्याकाळी शाळा सुटल्यावर एक. पहिले निरोप सोपे होते. पाणी तापलं. कुऱ्हाड कुठे आहे. कुऱ्हाड जिथे ठेवली तिथे आहे. कोट घातलेला मी ओट्यावरून चुलीकडे आणि चुलीकडून ओट्यावर. शेजारच्या बाया कुडाआडून बघत होत्या. बघू दे म्हटलं.

दुपारी किसनभाऊंनी वरणाचा घास घेतला आणि म्हणाले, “सांगा तिले, वरन पुचाट झालं. हात मोडला काय म्हना फोडनी देताना?”

मी उठलो. आठ पावलं म्हणजे काही लांब नाही, पण त्या आठ पावलांत मला शेवंता कळली. समोर ती बाई घामानं डबडबलेली, सकाळपासून दुसऱ्याच्या शेतात राबून आलेली. माझ्या जिभेवर आलं होतं, वरण बरं झालंय म्हणून. पण दोन वर्षं ज्यानं पोरांचे कान पिळले, एक थेंब सांडू नका म्हणून, त्यानं स्वतः कसं सांडावं? मी सांगितलं. हात मोडल्यासकट सांगितलं.

पारबताबाईंचा हात थांबला. “असं म्हंतलं त्यायनं? शेवंता त म्हनते, बाबाले तुह्या हातचं सगळंच आवडते.” मग त्यांनीही पदर खोचून एक निरोप दिला. तो मी इथे लिहीत नाही, पण किसनभाऊंना मात्र जसाच्या तसा दिला. त्यांचा घास हातातच राहिला. “ते असं बोलते? पोरगी त सांगते, माय म्हनते आरामानं जेवा.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी इतकी तापलेली भांडी उचलली की माझीच बोटं भाजली. दोघंही भडकलेली. रात्री मला वाटलं, आपण या घराची वाट लावली. पोर परत येईल तेव्हा काय दाखवणार तिला?

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनभाऊंनी निरोप दिला, “तिले इचारा, माह्याच्यानं असं काय पाप झालं?”

पारबताबाई चुलीपुढे बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तो टाक माह्या मायनं देल्ला होता. मले इचारलं असतं त मीच आपल्या हातानं नदीत सोडला असता.”

इथे बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. धम्म घेतल्यावर आमच्या लोकांनी घरातले देव काढून नदीत सोडले. टाक म्हणजे देवाचं रूप उठवलेला धातूचा लहान पत्रा, पूजेत ठेवायचा. गावातल्या आमच्या लोकांच्या सगळ्या घरांनी एकाच सकाळी आपापले देव सोडायचं ठरवलं, तेव्हा पारबताबाई कापूस वेचायला गेल्या होत्या. परत आल्या तर कोनाडा रिकामा. पुसदला आमच्याही घरचा देव्हारा असाच रिकामा झाला होता. वडिलांनी मला विचारलं होतं, भावाला विचारलं होतं. आईला विचारलं होतं का, हे मला त्या चुलीपुढे उभं राहून कितीही आठवलं तरी आठवेना.

मी ओट्यावर आलो आणि वाक्य होतं तसं किसनभाऊंपुढे ठेवलं. त्यांनी हातातली छन्नी खाली ठेवली. मग उठले, आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा ती आठ पावलं स्वतः चालून गेले.

“हे मले काहून नाई सांगतलं?”

“सांगतलं नाई? कितीखेपा सांगतलं पोरीजवळ. तुमी एकखेपही जबाब नाई देल्ला.”

“मले कोनी सांगतलंच नाई. मले वाटे, तुले धम्मच नाई पाह्यजे.”

“पाह्यजे. तुमच्याहून जास्त पाह्यजे. पन माह्या हातानं पाह्यजे होता.”

“चुकलं माह्यं,” किसनभाऊ म्हणाले. पारबताबाई एकदम रडू लागल्या, आणि रडता रडताच सव्वा वर्षाचं तुंबलेलं भांडायला लागल्या. तेही ऐकून घ्यायला लागले, मधूनमधून उलटही बोलायला लागले. माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. मी चपला घालून शाळेत गेलो. मला इतका आनंद झाला होता की उरलेल्या तिन्ही वर्गांना मी अर्धा तास आधीच सोडून दिलं.

सूर्य मावळायच्या सुमारास बंडी परत आली. मी रस्त्यावर वाट बघत होतो. शेवंतानं खाली उडी मारली आणि पेपर कसे गेले ते न सांगता विचारलं, “गुरुजी, निरोप कसे पोचवले?”

“जसेच्या तसे.”

तिचं तोंड उतरलं. ती घराकडे पळाली, मी मागे. अंगणात आईबाप समोरासमोर बसून सरपणाच्या तुराट्या कुठे रचायच्या यावर वाद घालत होते, एकमेकांशी. शेवंता भिंतीला टेकून उभी राहिली. आई म्हणाली, “ये माय, जेव.” पारबताबाईंनी तिला काय घडलं ते सांगितलं, रागावून नव्हे, हसतच. पण शेवंताला हसू आलं नाही. ती म्हणाली, “ते वाक्य मीच सांगतलं नाई. टाकाचं काही सांगतलं त बाबा घर सोडून जातीन असं वाटलं मले. मीच दडवलं.” आणि ती हुंदके देऊन रडली. आईनं जवळ घेतलं, बापानं डोक्यावर हात ठेवला, तरी थांबेना. सव्वा वर्ष आपण घर सांभाळलं असं तिला वाटत होतं आणि आता वाटत होतं की आपणच ते मोडून ठेवलं.

मला ते बघवेना. आणि मला एक गोष्ट टोचत होती. चुलीपुढे ते वाक्य ऐकलं तेव्हा ते मला नवं वाटलं नव्हतं.

सकाळी शाळा भरायच्या आधी मी कपाटातल्या गृहपाठाच्या वह्या काढल्या. शेवंताची वही मागून पुढे चाळली. पौषातल्या एका पानावर ते होतं. आई म्हणाली, “सांग तुह्या बाबाले, तो टाक माह्या मायनं देल्ला होता. मले इचारलं असतं त मीच आपल्या हातानं नदीत सोडला असता.” त्याखाली ‘मी बाबांना सांगितलं’ असं दुसरं वाक्य नव्हतं. हे तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं, फक्त लिहिलं होतं. आणि बाजूला माझ्या हातची लाल शाई होती: “चिन्हे अचूक. शाबास.”

मी तिला वर्गाबाहेर बोलावलं आणि ते पान दाखवलं. म्हणालो, “तू दडवलं नव्हतंस, पोरी. तू मला सांगितलं होतंस. मी वाचलं, गुण दिले आणि वही मिटली. चूक माझी आहे.”

तिनं बोट ठेवून पूर्ण वाक्य वाचलं, मग माझा शेरा वाचला. “खरंच,” ती म्हणाली, आणि वही छातीशी धरून आत गेली. त्या दिवसानंतर मी वह्या दोनदा तपासू लागलो, एकदा चिन्हांसाठी आणि एकदा नुसतं वाचायला. वेळ लागायचा. हेडगुरुजी कुरकुरायचे.

शेवंता केंद्रात पहिली नाही, तिसरी आली. पाचवीसाठी तिला दारव्ह्याला ठेवायचं ठरलं, आणि पोचवायला कोणी जायचं यावर तिच्या घरी दोन दिवस कडाक्याचं भांडण झालं. शेवटी दोघंही निघाले. मी शाळेच्या दारातून बघत होतो. पुढे किसनभाऊ डोक्यावर पेटी घेऊन, त्यांच्या बरोबरीनं पारबताबाई, दोघांची तोंडं अखंड सुरू. शेवंता बरीच मागे पडली होती, जांभळाच्या झाडाखाली वाकून जांभळं वेचत. आई काहीतरी मोठ्यानं म्हणाली, बापानं त्याहून मोठ्यानं उत्तर दिलं. पोरीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ती ऐकतच नव्हती.